माजी सैनिकांचा सन्मान कसा करावा? ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रजासत्ताक दिन किंवा स्वातंत्र्य दिन आठवड्यावर आला की सोसायट्यांचे सचिव, मंडळांचे कार्यकर्ते, शाळांमधल्या बाई यांची शोधाशोध सुरू होते. "ध्वजवंदनाला कोणी माजी सैनिक मिळतील का?" यामागची भावना चांगलीच असते. पण ज्यांनी आयुष्याची पंधरा, वीस, तीस वर्षं सैन्यात काढली, त्यांना आपण ऐन वेळी शोधतो, शाल देतो, फोटो काढतो आणि त्यांची पलटण कुठली हेही न विचारता घरी पाठवतो. त्या माणसाने काय केलं, कुठे केलं, किती वर्षं केलं हे नीट माहीत करून घेणं हा सन्मानातला पहिला आणि मोठा भाग आहे, असं मला मनापासून वाटतं. खालची उत्तरं त्याच समजुतीतून लिहिली आहेत.

आमच्या सोसायटीत कोणी माजी सैनिक नाहीत. बाहेरून बोलवावं लागेल ना?

बहुतेक वेळा असतात, आपल्याला माहीत नसतात. ठाणे, कळवा, ऐरोली, कोपरखैरणे, कामोठे या पट्ट्यात राहायला आलेली कितीतरी कुटुंबं सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगडकडची आहेत. तिकडे भावकीत एक तरी फौजी असतोच. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला तर सगळे 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले. अशा गावांमधली माणसं म्हातारपणी मुलाकडे राहायला येतात आणि इथे सोसायटीत त्यांची ओळख 'चौथ्या मजल्यावरच्या शिंद्यांचे वडील' एवढीच उरते. गावी ज्यांना सगळे 'मेजर' म्हणून हाक मारायचे, त्यांना इथे लिफ्टमध्ये कोणी ओळखत नाही.

गेटवरही विचारा. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कंपन्यांत, बँकांत, मोठ्या संकुलांत सुरक्षेचं काम करणाऱ्यांमध्ये माजी सैनिक बरेच आहेत. राज्य शासनाचं माजी सैनिक महामंडळ, म्हणजे 'मेस्को', २००२ साली याच कामासाठी उभं राहिलं. ज्यांना आपण रोज गाडीच्या काचेतून हात करतो त्यांनी सियाचीनची थंडी काढलेली असू शकते. "काका, तुम्ही फौजेत होता का?" एवढं विचारायला काही लागत नाही.

सूचना फलकावर एक साधी नोटीस लावा: घरात सैन्यदलात सेवा केलेली व्यक्ती, वीरनारी (कामी आलेल्या सैनिकाची पत्नी) किंवा वीरमाता-वीरपिता असतील आणि त्यांची इच्छा असेल, तर कमिटीला कळवावं. 'इच्छा असेल तर' हे शब्द गाळू नका. काहींना आपली ओळख जाहीर करायची नसते आणि त्याचं कारण विचारायचा आपल्याला हक्क नाही. सर्व्हिस नंबर, पेन्शनचे कागद, ओळखपत्राचे फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीही मागवू नका.

माजी सैनिक नेमकं कोणाला म्हणायचं?

शासकीय व्याख्या लांबलचक आहे. ढोबळमानाने सांगायचं तर भूदल, नौदल किंवा हवाई दलातून पेन्शनसह निवृत्त झालेले, सेवेत आलेल्या अपंगत्वामुळे पेन्शन देऊन सोडलेले आणि ठरलेल्या मुदतीची नोकरी पूर्ण करून ग्रॅच्युइटीसह बाहेर पडलेले. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेतल्या अग्निवीरांना चार वर्षांनंतर माजी सैनिकाचा दर्जा, पेन्शन किंवा ईसीएचएस या आरोग्य योजनेची सोय नाही.

पण ही व्याख्या सरकारी लाभांसाठी आहे. तुमच्या मैदानातल्या कार्यक्रमाला ती लावायची काहीच गरज नाही. चार वर्षं सीमेवर राहून आलेला तुमच्या इमारतीतला मुलगा पहिल्या रांगेत बसायलाच हवा.

सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ ही दलं गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात, त्यामुळे त्यांची कल्याण यंत्रणा वेगळी. त्यांच्यासाठी आणि पोलिसांसाठी २१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन आहे. १९५९ साली लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जला पडलेल्या जवानांची ती आठवण.

कार्यक्रम २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टलाच करायचा का?

त्या दोन दिवशी प्रत्येक माजी सैनिकाला तीन-तीन बोलावणी असतात. दुसरे दिवस आहेत आणि ते जास्त नेमके आहेत.

१४ जानेवारी हा सशस्त्र सेना माजी सैनिक दिन. फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ साली याच तारखेला निवृत्त झाले, म्हणून २०१६ पासून तो पाळला जातो. आपल्याकडे बहुतेक वर्षी त्याच दिवशी संक्रांत असते. तिळगूळ घेऊन घरी जायला यापेक्षा चांगलं निमित्त कुठलं? दुसऱ्या दिवशी, १५ जानेवारीला, सेना दिन. १९४९ मध्ये करिअप्पांनी भारतीय सेनेची सूत्रं हाती घेतली तो दिवस. २६ जुलै कारगिल विजय दिन, ८ ऑक्टोबर हवाई दल दिन, ४ डिसेंबर नौदल दिन, ७ डिसेंबर ध्वज दिन, १६ डिसेंबर विजय दिवस.

माझं मत विचाराल तर दिवस माणसाकडे बघून ठरवा. तुमच्या संकुलातले आजोबा १९७१ मध्ये नौदलात होते ना? मग ४ डिसेंबर. त्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला होता. आणि ९ डिसेंबरही लक्षात ठेवा. त्या रात्री 'खुकरी' ही युद्धनौका बुडाली आणि कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. नौदलातल्या जुन्या माणसांपाशी ही तारीख नुसती उच्चारली तरी ते तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलू लागतात.

सत्काराचा कार्यक्रम कसा करावा? शाल-श्रीफळ पुरेसं आहे का?

शाल-श्रीफळात वाईट काही नाही, ती आपली रीत आहे. खटकतं ते आजूबाजूचं. बॅनरवर नगरसेवकांचा फोटो दोन फुटांचा आणि सत्कारमूर्तींचं नाव सर्वांत खाली बारीक अक्षरात. आठची वेळ दिलेली, प्रमुख पाहुणे साडेनऊला येतात, आणि सैन्यात आयुष्यभर मिनिटाचं मोल जपलेली माणसं उन्हात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून राहतात. नंतर सूत्रसंचालक नावांची यादी वाचतो, एकेक जण येतो, शाल घेतो, जातो. समोर बसलेल्या मुलांना यातून काय कळतं?

एक गोष्ट आवर्जून करा: प्रत्येकाचा परिचय आधी लिहून काढा. आठवडाभर आधी घरी जा, चहा घ्या, आणि विचारा: भरती कधी आणि कुठे झाली, सेंटर (प्रशिक्षण केंद्र) कुठलं, पलटण किंवा जहाज किंवा स्क्वाड्रन कुठलं, काम काय होतं, कुठे कुठे राहिलात, कधी निवृत्त झालात. सात-आठ ओळींचा परिचय होतो. तो त्यांना वाचून दाखवा, चुका दुरुस्त करा, काही वगळायला सांगितलं तर मुकाट्याने वगळा. कार्यक्रमात हा परिचय सावकाश वाचला गेला की पुढच्या वेळी लिफ्टमध्ये भेटलेला मुलगा त्यांना विचारतो, "आजोबा, तुम्ही खरंच तवांगला होता?" हे शालीने होत नाही.

ध्वज त्यांच्या हातून फडकवा. वेळ जाहीर केली असेल त्या वेळेला सुरू करा, पाहुणे आले नसले तरी. गुडघे दुखणाऱ्यांसाठी स्टेजच्या पायऱ्या टाळा, सत्कार त्यांच्या खुर्चीपाशी येऊन करा. येण्याजाण्याची गाडी मंडळाने करावी. बायकोला, सुनेला, मुलीलाही बोलवा आणि पुढे बसवा, कारण तो वर्षानुवर्षं सीमेवर असताना घर त्यांनीच चालवलं. भाषण करा असा आग्रह नको. ज्यांना बोलायचं असेल त्यांना मात्र घड्याळ दाखवून थांबवू नका. वेळ कमी पडत असेल तर पुढाऱ्यांची भाषणं कमी करा.

निमंत्रणपत्रिकेत हुद्दा कसा लिहायचा?

सैन्यात सर्वमान्य पद्धत अशी: आधी हुद्दा, मग नाव, मग कंसात सेवानिवृत्त. 'सुभेदार मेजर अमुक पाटील (सेवानिवृत्त)'. 'सुभेदार मेजर (सेवानिवृत्त) अमुक पाटील' असं लिहू नये, कारण माणूस निवृत्त होतो, हुद्दा होत नाही. शौर्यपदक असेल तर ते नावानंतर लिहावं. 'मानद कॅप्टन' किंवा 'मानद लेफ्टनंट' यातला 'मानद' शब्द खोडू नका. दीर्घ आणि निर्मळ सेवेबद्दल सुभेदारांना मिळणारा तो मोठा मान आहे. तो मिळवायला आख्खी नोकरी जाते.

नाईक, हवालदार, पेटी ऑफिसर, सार्जंट हे हुद्दे पत्रिकेत गाळून नुसतं 'श्री.' लिहिण्याची सवय सोडून द्या. हुद्दा खालचा आहे म्हणून गाळला असा अर्थ निघतो, आणि तो लागतो.

वडील आता नाहीत. त्यांची पदकं मी लावू शकते का?

स्वतः मिळवलेली पदकं छातीच्या डाव्या बाजूला लावतात. दिवंगत सैनिकाच्या जवळच्या नातेवाइकांना युद्धस्मारकावरच्या मानवंदनेच्या प्रसंगी ती उजव्या बाजूला लावायला सेनेने परवानगी दिली आहे. एरवी घरात चौकटीत जपून ठेवा आणि प्रत्येक पदकाखाली ते कशाबद्दल मिळालं याची चिठ्ठी लावा. दोन पिढ्यांनंतर नुसत्या रंगीत फितीवरून कोणालाच काही कळत नाही.

परमवीर चक्राची रचना करणाऱ्या सावित्री खानोलकर आपल्याच मराठी घरातल्या सूनबाई होत्या. जन्माने युरोपीय, लग्न विक्रम खानोलकर या सेनाधिकाऱ्याशी. शाळेतल्या मुलांना हे जरूर सांगा.

मुलांना कार्यक्रमात सैनिकी वेश घालावा का?

लहान मुलांच्या वेशभूषा स्पर्धेपुरतं कोणी अडवणार नाही. मोठ्यांनी मात्र लष्करी गणवेश घालून स्वतःला सैनिक भासवणं हा गुन्हा आहे. मला विचाराल तर मुलांनी शाळेच्या गणवेशातच मानवंदना द्यावी. गणवेश कमवायचा असतो, हे त्यांना त्या निमित्ताने समजेल.

त्यांच्याशी बोलायचं तर आहे, पण काय विचारावं कळत नाही.

"किती जणांना मारलं?" हा प्रश्न विचारू नका. मुलांनाही आधी बजावून ठेवा, कारण मुलं हमखास तोच विचारतात. ज्याने खरोखर ते पाहिलंय त्याला त्याबद्दल बोलायचं नसतं, आणि ज्याच्या वाट्याला ते आलं नाही त्याला उगाच आपली सेवा कमी वाटते.

"तुमचं सेंटर कुठलं?" इथून सुरुवात करा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. रंगरूट म्हणून काढलेल्या दिवसांबद्दल प्रत्येक जण खुलून बोलतो: उस्ताद कसा होता, पहिल्या पहाटेची परेड, लंगरमधलं जेवण, भाषा कळत नसताना पंजाबी, मद्रासी, गढवाली पोरांशी झालेली दोस्ती. १७६८ साली उभ्या राहिलेल्या 'जंगी पलटणी'त, म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये नोकरी केलेला माणूस भेटला, तर त्याच्या मागे अडीचशे वर्षांचा इतिहास उभा आहे हे लक्षात ठेवून ऐका.

मग विचारा: घरी पत्र किती दिवसांनी पोहोचायचं? पहिलं मूल झालं तेव्हा तुम्ही कुठे होता, आणि कळलं कसं? रजा मंजूर झाल्यावर कुठल्या गाड्या बदलत घरी यायचात? या प्रश्नांमधून बायकोही बोलू लागते, आणि खरी हकीकत बऱ्याचदा तिच्याकडून कळते.

काही मोहिमांची आठवण समाजाने फारशी ठेवलेली नाही. १९८७ ते १९९० या काळात आपली शांतिसेना श्रीलंकेत होती, आणि तिथे सुमारे १,२०० जवान कामी आले. तिथून परतलेल्यांच्या वाट्याला ना मिरवणुका आल्या ना चित्रपट. तुमच्या ओळखीत जाफन्याला राहून आलेलं कोणी असेल तर त्यांचं आधी ऐका. सियाचीनवर १३ एप्रिल १९८४ पासून आपले सैनिक आहेत. तिथे गोळीपेक्षा थंडी, हिमकडे आणि विरळ हवा यांनी जास्त जीव घेतले. आणि 'मी काय, नुसता ड्रायव्हर होतो' किंवा 'मी स्वयंपाकी होतो' असं जो म्हणतो त्याला सोडू नका. तेरा हजार फुटांवरच्या घाटात रात्री बर्फावरून दारूगोळ्याचा ट्रक नेणाऱ्याला आणि तिथे तीनशे माणसांना गरम जेवण देणाऱ्याला जे माहीत आहे, ते कुठल्याच पुस्तकात नाही.

जमलं तर फोनवर रेकॉर्ड करा. एका बैठकीत सगळं उरकू नका, दमतात. जुने फोटो स्कॅन करा आणि त्यांच्याकडूनच कोण कोण आहे हे विचारून मागे पेन्सिलने नावं लिहा. १९७१ ला विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे, त्यामुळे हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखं नाही. एखाद्या गोष्टीवर ते गप्प झाले तर विषय बदला. गोपनीयतेचं बंधन निवृत्तीनंतरही सुटत नाही. त्यांचा मुलगा किंवा नातू सध्या सेवेत असेल तर तो कुठे आहे, हे कुठेही टाकू नका.

वीरनारींना बोलवावं का? त्यांना त्रास तर होणार नाही?

बोलवावं, पण आधी विचारून. काहींना नवऱ्याचं नाव पुन्हा उच्चारलं जावं असं फार वाटत असतं, कारण नातेवाईकही ते नाव टाळू लागलेले असतात. काहींना गर्दीत, माइकवर, अनोळखी लोकांसमोर रडू यावं हे नकोसं वाटतं. दोन्ही बरोबरच आहेत. स्टेजवर "काय वाटतं तुम्हाला?" असं माइक पुढे करून विचारणं म्हणजे क्रौर्य आहे. ते कधीच करू नका.

मला इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायची आहे. १५ ऑगस्टला जिला आपण व्यासपीठावर 'वीरनारी' म्हणून गौरवतो, तिलाच जानेवारीत आपल्या इमारतीतल्या हळदीकुंकवाला बोलवत नाही. वाण सगळ्या मजल्यांवर जातं, तिच्या दारावरून पुढे जातं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या बाबतीतल्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. हजार-दीड हजार वस्तीच्या गावांना जे करायला सांगितलं, ते खारघर आणि मानपाड्याच्या टॉवरमध्ये करायला काय हरकत आहे? यंदा पहिलं वाण तिला द्या. तिची इच्छा असेल तर हळदीकुंकू लावा, नसेल तर तिळगूळ द्या आणि बसून गप्पा मारा.

बाकी मदत अगदी साधी असते. बँकेत नाव बदलायचं असतं, मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज असतो. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेत माजी सैनिकांच्या आणि त्यांच्या विधवांच्या मुलींना दरमहा ₹३,००० आणि मुलांना ₹२,५०० मिळतात. अर्ज ऑनलाइन, केंद्रीय सैनिक बोर्डाकडे. इंजिनीअरिंग कॉलेजात जाणारं सोसायटीतलं कोणतंही पोर तो भरून देऊ शकतं.

नवी मुंबईतल्यांनी कुठल्या कार्यालयात जायचं?

इथे फार घोळ होतो. नवी मुंबई एक वाटत असली तरी जिल्हे दोन आहेत. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे जिल्ह्यात, म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय ठाण्याचं. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल, उलवे, उरण हे रायगड जिल्ह्यात येतं, म्हणजे कार्यालय अलिबागला. खारघरच्या आजोबांना ठाण्याला रांगेत उभं करून परत पाठवलं जाऊ नये, म्हणून आधी पत्ता कुठल्या जिल्ह्यात आहे ते बघा. या सगळ्यांच्या वर पुण्याचा सैनिक कल्याण विभाग आहे.

माजी सैनिकाचं ओळखपत्र, दाखले, मुलांच्या सवलती, आर्थिक मदतीचे अर्ज, सगळं या कार्यालयातून सुरू होतं. पेन्शन नसलेल्या, पासष्टीच्या पुढच्या हवालदार आणि त्याखालच्या हुद्द्याच्या गरजू माजी सैनिकांना किंवा त्यांच्या विधवांना केंद्राकडून दरमहा मदत मिळते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती ₹४,००० वरून ₹८,००० करण्याचा निर्णय झाला. ज्यांना ती मिळू शकते अशा कित्येकांना ती आहे हेच माहीत नसतं.

मालमत्ता कर माफ होतो असं ऐकलं, खरं का?

राज्य सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांना एका मालमत्तेपुरती कर माफी देणारी बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना आणली. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला लागतो, मग महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात अर्ज. सोसायटीच्या मेंटेनन्सशी याचा संबंध नाही.

औषधोपचार आणि पेन्शनच्या बाबतीत शेजारी म्हणून काय करता येईल?

भरपूर. १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे. आधी पॉलिक्लिनिकमध्ये दाखवायचं, तिथून रेफरल घेऊन पुढे यादीतल्या रुग्णालयात किंवा लष्करी रुग्णालयात जायचं. नौदलाचं 'अश्विनी' कुलाब्याला आहे. ऐंशी वर्षांच्या माणसाला ठाण्याहून लोकलने किंवा टॅक्सीने तिथे एकट्याने जाणं किती अवघड आहे, हे सांगायला नको. महिन्यातून एक दिवस कोणीतरी बरोबर गेलं तर तो सत्कार मला कुठल्याही स्टेजवरच्या सत्कारापेक्षा मोठा वाटतो.

पेन्शनचं काम आता 'स्पर्श' या ऑनलाइन यंत्रणेतून प्रयागराजहून चालतं. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो राहिला की पेन्शन अडकते. 'जीवन प्रमाण' या डिजिटल दाखल्याचं काम आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं, पण लॉगिन, पासवर्ड, ओटीपी यांत वृद्ध माणसं अडकतात. नोव्हेंबरातल्या एका रविवारी क्लब हाउसमध्ये दोन मुलं मोबाइल घेऊन बसली तर आख्ख्या संकुलाचे दाखले होतात. ओटीपी आणि पासवर्ड मात्र त्यांच्याच वहीत राहू द्या.

सोसायटीतल्या माजी सैनिकांचं निधन झालं तर तिरंगा पांघरावा का?

आपण होऊन पांघरू नका. राष्ट्रध्वज पार्थिवावर घालण्याची मुभा शासकीय किंवा सैनिकी इतमामातल्या अंत्यसंस्कारापुरतीच आहे. एरवी तो कायद्याने ध्वजाचा अवमान ठरतो. सैनिकी इतमाम असेल तेव्हाही केशरी पट्टा डोक्याच्या बाजूला ठेवतात, आणि ध्वज चितेत किंवा दफनात जाऊ देत नाहीत.

करण्यासारखं वेगळं आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला आणि त्यांच्या पलटणीतल्या मित्रांना लगेच कळवा. माजी सैनिकांच्या संघटना फोन गेला की येतात, आणि त्यांची ती शेवटची सलामी घरच्यांना आयुष्यभर पुरते. पुढच्या आठवड्यात कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद करायला मदत करा. त्या दिवसांत घरच्यांना काहीच सुचत नसतं.

चौकाला किंवा उद्यानाला वीराचं नाव द्यायचंय.

महापालिकेचा ठराव लागतो, त्याआधी कुटुंबाची लेखी संमती घ्या. पाटीवर फक्त 'शहीद जवान अमुक चौक' लिहून थांबू नका. पलटण, ठिकाण, तारीख लिहा. मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे ऑगस्ट २०१८ मध्ये काश्मीरच्या गुरेझ भागात घुसखोरांना रोखताना गेले. पाटीवर असं एक वाक्य असलं की रिक्षाची वाट बघणारा शाळकरी मुलगाही ते वाचतो. नावातलं शुद्धलेखन घरच्यांकडून तपासून घ्या. आणि पाटी कोण पुसणार, दिवा गेला तर कोण बघणार, हे उद्घाटनाआधी ठरवा. फ्लेक्सखाली झाकलेलं वीराचं नाव बघणं फार क्लेशाचं असतं.

मुलांना कुठे घेऊन जावं?

सर्वांत जवळ कल्याण. दुर्गाडी किल्ल्याजवळ खाडीकाठी नौदलाची 'टी-८०' ही युद्धनौका स्मारक म्हणून आणली आहे. १९९८ मध्ये ती नौदलात आली आणि २३ सप्टेंबर २०२१ ला निवृत्त झाली. ज्या खाडीत शिवरायांनी आरमाराची सुरुवात केली असं मानलं जातं, तिथे ती उभी आहे.

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने माणगावला गेलात तर नाईक यशवंत घाडगे यांच्या पुतळ्यासमोर थांबा. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा हा बावीस वर्षांचा मुलगा १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबरच्या खोऱ्यात लढला. त्याच्या तुकडीतले बाकी सगळे पडले किंवा जखमी झाले होते. त्याने एकट्याने मशीनगनच्या मोर्चावर धाव घेतली, मोर्चा घेतला, आणि लगेच लपलेल्या शत्रूच्या गोळ्यांनी तो कोसळला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याची कबर नाही, नाव इटलीत कॅसिनो या गावच्या युद्धस्मारकावर आहे. कोकणातल्या गणपतीला जाताना हजारो गाड्या तिथून जातात. पाच मिनिटं थांबायला हरकत नाही.

दिल्लीला सहल जात असेल तर राष्ट्रीय युद्ध स्मारक ठेवाच. २५ फेब्रुवारी २०१९ ला त्याचं उद्घाटन झालं. स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या २५,००० हून अधिक सैनिकांची नावं तिथे ग्रॅनाइटवर कोरली आहेत. मुलांना नुसतं फिरवू नका, प्रत्येकाला आपल्या जिल्ह्यातलं एक नाव आधी शोधून न्यायला सांगा आणि तिथे ते भिंतीवर सापडू द्या.

देणगी कुठे द्यावी?

ध्वज दिन निधीला. १९४९ पासून ७ डिसेंबरला लाल, गडद निळा आणि फिकट निळा असे तिन्ही दलांचे रंग असलेले छोटे ध्वज देऊन हा निधी जमवला जातो. केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पावती घेऊन भरता येतो, करसवलतही मिळते. युद्धात कामी आलेल्यांच्या कुटुंबांसाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेलं 'माँ भारती के सपूत' हे संकेतस्थळ आहे. दारावर पावतीशिवाय रोख मागणाऱ्याला देऊ नका.

"मी आर्मीत आहे, फ्लॅट भाड्याने हवाय" असा फोन आला, ओळखपत्रही पाठवलं. विश्वास ठेवावा का?

नाही. ठाणे-नवी मुंबईत घरमालकांना अशा प्रकारे लुबाडल्याच्या तक्रारी नेहमी येतात. ओळखपत्र चोरलेलं किंवा बनावट असतं, आणि "आमच्या खात्यातून पैसे येण्यासाठी आधी तुम्ही एक रुपया पाठवा" असं सांगून कोड स्कॅन करायला लावतात. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही. फसवणूक झाली तर ताबडतोब १९३० वर फोन करा. खऱ्या सैनिकांनाही यामुळे घर मिळणं कठीण होतं, म्हणून तक्रार कराच.

आमचे काका पंच्याऐंशीचे आहेत, अंथरुणावर आहेत. कार्यक्रमाला येऊ शकत नाहीत.

मग कार्यक्रम त्यांच्याकडे न्या. आधी घरच्यांना फोन करून त्यांची बरी वेळ विचारा, बहुधा सकाळी दहाच्या सुमाराची असते. चौघांपेक्षा जास्त जण जाऊ नका, त्यात एक-दोन शाळकरी मुलं असू द्या. ढोल-ताशा नको, मोठा हार नको. लिहिलेला परिचय मोठ्याने, त्यांच्या कानाशी वाचा. कदाचित ते मध्येच थांबवून सांगतील की पलटण उधमपूरला नव्हती, राजौरीला होती. ते लिहून घ्या.